पहिला घड सुरजीत भाभींचा

द्राक्षांच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवू नये! माझं माहेर तासगावकडचं. आमच्या आबांची चार एकर बाग. आमच्याकडे मूल आधी द्राक्षाच्या मांडवाखाली रांगतं आणि मग घरात. हे सगळं मी दिल्ली कँटमधल्या नव्या क्वार्टरमध्ये सामान उतरवणाऱ्या जवानांनासुद्धा ऐकवलं होतं. त्यांनी विचारलेलं नव्हतं.

आता तुम्ही आपलेच, म्हणून खरं सांगते. बागेत माझं काम एकच होतं, डब्यात घड भरायचे. त्यातले निम्मे तोंडात जायचे, म्हणून आबांनी मला तिथूनही काढलं. "अलके, तू आपली अभ्यास कर," म्हणाले. छाटणी, विरळणी, औषध मारणं हे सगळं मी बांधावर बसून नुसतं पाहिलेलं. पण ते फौजेतल्या बायकांना कुठे ठाऊक? आमचे हे सुभेदार. लग्नानंतर नऊ बदल्या झाल्या आणि नऊही ठिकाणी मी 'अंगूरवाली भाभी' म्हणून मिरवले. प्रत्यक्षात एका कुंडीतली कोथिंबीरसुद्धा मी कधी जगवली नव्हती.

तर हे दहावं क्वार्टर. तळमजला, मागे चांगलं ऐसपैस अंगण आणि अंगणात, काय सांगू, द्राक्षाचा वेल! बांबूंचा मांडव, त्यावर चढलेल्या वाळक्या काड्या आणि काड्यांवर नुकते फुगलेले डोळे. फेब्रुवारी संपत आला होता. मी तिथेच ह्यांना म्हटलं, "बघा! देवालासुद्धा कळतं, कुणाला कुठलं क्वार्टर द्यायचं ते!"

"क्वार्टर देवाने नाही, ऑफिसने दिलंय," हे म्हणाले आणि पंखे मोजायला आत गेले. आमच्यात क्वार्टर ताब्यात घेताना सगळं मोजून घेतात. पंखे, नळ, बल्बचे होल्डर, खिडकीच्या काचा. वेल काही त्या यादीत नव्हता. तो सुरजीत भाभींनी माझ्या ताब्यात वेगळा दिला.

सुरजीत भाभी म्हणजे आमच्या आधी तिथे राहणाऱ्या. त्यांचे सरदारजी त्याच महिन्यात निवृत्त झाले होते आणि द्वारकेला फ्लॅट घेऊन ते दोघं तिकडे निघाले होते. ट्रक बाहेर उभा, सरदारजी हॉर्न वाजवतायत, आणि भाभी माझा हात धरून वेलाखाली उभ्या.

"अलका, बाईस साल में जहाँ गए, मैंने कुछ न कुछ लगाया," त्या म्हणाल्या. "जबलपूर में नींबू. जम्मू में अमरूद. पुणे में आम! और जब फल आने का टाइम आता, तो पोस्टिंग आ जाती. मेरे लगाए पेड़ का एक फल मैंने आज तक नहीं खाया. ये बेल तीन साल की है. इस साल पहली बार फल देगी. जून में आऊँगी. पहला गुच्छा मेरा, हाँ?"

"बिल्कुल भाभी! हा माझा शब्द!" मी मराठी-हिंदीची खिचडी करून म्हटलं. "और छँटाई का टेन्शन मत लो, हम तासगाव के हैं!"

"छँटाई तो मैंने जनवरी में कर दी. अब कुछ नहीं करना. बस पानी."

त्या गेल्या. मी मनात म्हटलं, बिचारी! जानेवारीत छाटणी? आणि जूनमध्ये द्राक्षं? जूनमध्ये आमच्या बागेत नुसती पानं असतात! आमच्याकडे द्राक्षं येतात फेब्रुवारीत. बाईला कुणीतरी चुकीचं सांगितलेलं दिसतंय. असू दे, मी आहे ना आता!

मार्चभर मी अंगण खणलं. म्हणजे आराखडा माझा आणि खणणं ह्यांचं. भेंडी, गवार, वांगी, टोमॅटो, आणि मांडवाच्या बुडाशी दुधी. आमच्या कॉलनीचे माळी हरिदास बुलंदशहरचे, मोठे मोजकं बोलणारे. ते येता-जाता बघायचे आणि "ठीक है भाभीजी" एवढंच म्हणायचे. त्याला मी कौतुक समजत होते.

एप्रिल उजाडला. वेल पानांनी गच्च भरला आणि एका दुपारी आबांचा फोन आला.

"काय गं अलके, आमची खरड छाटणी उरकली बघ काल."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात वर्षातून दोनदा छाटणी असते. फळ निघालं की एप्रिलमध्ये वेल पार खरडून काढायचा, एकेक डोळा तेवढा ठेवायचा. ही खरड छाटणी. मग ऑक्टोबरात फळासाठी दुसरी.

"माझी उद्या आहे!" मी ठोकून दिलं.

"तुझी? दिल्लीत? अगं पण तिकडं..."

"आबा, कुकरची शिट्टी झाली, ठेवते!"

कुकर लावलेलाच नव्हता. पण वीस वर्षं मिरवलेल्या बाईने बापापुढे 'आबा, कसं करू?' म्हणायचं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचला, डोक्याला ह्यांचा जुना मफलर बांधला आणि कात्री घेऊन स्टुलावर चढले. कच्! कच्! कच्! काय तो आवाज! बांधावरून पाहिलेलं सगळं हातात उतरत होतं. आमची अर्पिता सातवीत. मराठी बोलते, पण छाटणीला 'बेलचा हेअरकट' म्हणते. ती खाली पडलेल्या फांद्या गोळा करत होती.

"आई, हे छोटे छोटे ग्रीन काय आहे? क्यूट आहे!"

मी खाली पाहिलं. मोहरीएवढ्या मण्यांचे इवले इवले घड. फांदीफांदीला दोन-दोन!

"ते फुकटचे गं. एप्रिलात असले घड आले तर आबा काढून टाकतात."

"पण मग आंटी जूनमध्ये काय खाणार?"

"फेब्रुवारीत खातील! एकेक घड किलोकिलोचा देईन, बघतच राहतील!"

दहा वाजेपर्यंत मांडव स्वच्छ झाला. वर निळं आकाश, खाली हिरवा ढीग आणि मध्ये मी, कमरेवर हात ठेवून. तेवढ्यात हरिदास सायकलवरून आले. सायकल भिंतीला टेकवली. ढिगापाशी बसले. एक इवला घड उचलून तळहातावर ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"भाभीजी," ते शेवटी म्हणाले, "दो महीने रुक जातीं."

"मतलब?"

"यही तो था जून का फल. यहाँ साल में एक ही कटाई होती है, जनवरी में. ठंड में बेल सोती है ना. सरदारनी जी करके गई थीं."

माझ्या हातातली कात्री खाली पडली. मी पळत आत जाऊन आबांना फोन लावला.

"आबा, दिल्लीत एप्रिल छाटणी करत नाहीत?"

"तेच तर सांगत होतो काल! तिकडं थंडी कडक. तिकडं एकच छाटणी." मग आबांना शंका आली. "केलीस?"

"आजच सकाळी, आबा."

"अलके, घड होते काय?"

"चाळीस-पन्नास होते, आबा."

मग आबा म्हणाले, "तरी मी तुला डब्यांवरच ठेवली होती."

खरं सांगते, मला रडू आलं. पन्नास घडांचं नव्हे हो. बावीस वर्षांत स्वतः लावलेलं एक फळ त्या बाईला खायचं होतं, आणि ते मी माझ्या हाताने, तेही स्टुलावर चढून, कापलं होतं! मी ढिगातले बरेसे घड निवडले आणि बादलीत पाणी-साखर घालून ठेवले. अर्पिताने सेलोटेप आणून दिली. तीन दिवसांत सगळ्याची भाजी झाली.

चौथ्या दिवशी सुरजीत भाभींचा फोन.

"अलका! गुच्छे दिखे?"

आता इथे मी 'भाभी, माफ करा' म्हणायला हवं होतं. जीभ तशी वळलीही होती. पण तोंडातून निघालं, "बहुत दिखे भाभी! इतने दिखे, इतने दिखे!"

हे खोटंही नव्हतं. दिसले होतेच की!

"हाय रब्बा! फोटो भेज!"

झालं! माझ्या फोनमध्ये फेब्रुवारीत माहेरी काढलेले फोटो होते. एक अगदी जवळून काढलेला घड मी पाठवून दिला. तिकडून लगेच सतरा लाल बदाम आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा, "कितने बड़े हुए?" मी दुसरा पाठवला. मग तिसरा. मे महिना येईपर्यंत माझ्या थापांतले घड असे तरारले होते की तेवढे आबांच्या बागेतही कधी आले नव्हते.

"अहो, काय करू हो?" मी ह्यांना विचारलं.

"खरं सांग."

"ते सोडून!"

"मग बाजारातून चार किलो आण आणि दोऱ्याने बांध."

"शी! एवढी का मी खोटारडी आहे?"

हे माझ्या फोनकडे बघत राहिले. सुभेदारांना गप्प बसून बोलायचं ट्रेनिंग असतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात भाभींचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह! त्यांनी माझे फोटो द्वारकेच्या सोसायटीतल्या सत्संगात दाखवले होते. तिथल्या बायका म्हणाल्या, आम्हालाही बघायचाय हा वेल. "तो संडे को हम आठ जनी आ रही हैं! तू कुछ मत बनाना, छोले-पूरी हम लाएँगी. बस अंगूर खिलाना!"

आठ!

त्या सहा दिवसांत मी काय काय नवस बोलले ते विचारू नका. एक मात्र झालं होतं. मांडव रिकामा, ऊन मोकळं, त्यामुळे बुडाशी लावलेला दुधी मोकाट सुटला होता. द्राक्षाच्या वेलालाही नवी पानं फुटली होती, पण दुधीने त्याच्यासकट सगळा मांडव व्यापला. वर हिरवंगार झालं आणि जिथे घड लोंबायला हवे होते तिथे हातभर लांब बारा दुधी लोंबत होते. लांबून तरी मांडव भरलेला दिसेल, एवढाच काय तो आधार.

रविवारी सकाळी दोन गाड्या आल्या. त्यातून आठ बायका, तीन डबे, एक ढोलकी आणि नारळाएवढी मोठी आशा खाली उतरली. सुरजीत भाभी पुढे. नवा गुलाबी सूट. मला घट्ट मिठी मारली आणि सरळ मागच्या अंगणात! बाकीच्या सातजणी मागोमाग. मी सगळ्यांत शेवटी, देवळातून चप्पल चोरताना सापडल्यासारखी.

भाभी मांडवाखाली थांबल्या. वर पाहिलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. एका दुधीला हळूच बोट लावलं. तो डुलला.

"अलका," त्या म्हणाल्या, "इस बार अंगूर काफी बड़े आए हैं."

मग एकीच्या तोंडून फुस्स झालं आणि सगळ्या अशा हसल्या की ढोलकी हातातून खाली पडली!

माझा मात्र बांध फुटला. मी तिथेच भाभींचे हात धरले आणि सगळं सांगून टाकलं. तासगाव, बांध, डबे, कुकर, कात्री, साखर-पाणी, सगळं! कुठे हिंदी, कुठे मराठी, मधे रडणं. "माफ करो भाभी, तुमचा पहिला घड मैंने काट डाला! फोटो भी झूठे थे!"

"मुझे पता है," भाभी म्हणाल्या.

माझं रडणं थांबलं.

"पता है?"

"तेरी दूसरी फोटो में पीछे सफेद टोपीवाले एक बाबूजी खड़े थे. उनके पीछे बीस कतारें अंगूर की. मैंने सरदारजी से कहा, ये अपना क्वार्टर इतना बड़ा कब हो गया?"

आबा! घडाच्या मागे टोपी घालून आबा उभे होते, आणि मी तो फोटो झूम करूनसुद्धा पाहिला नव्हता!

"तो फिर फोन पे बोला क्यों नहीं?"

"सोचा, जो लड़की इतने झूठ बोल रही है, वो कितनी डरी हुई होगी. फोन पे डाँटती तो तू और डर जाती." त्यांनी माझे डोळे स्वतःच्या गुलाबी ओढणीने पुसले. "और ये सब भी जानती हैं. ये तो तेरे बाबूजी की फोटो देखकर ही आई हैं. चल, स्टूल ला."

"स्टूल?"

भाभी खिडकीपाशी गेल्या. तिथे त्यांनीच आमच्यासाठी मागे ठेवलेला कूलर लोखंडी घोडीवर बसवलेला होता. त्यांनी कूलरच्या पाठीमागे हात घातला, चाचपला आणि एक लाल गोंड्याचं टोक बाहेर ओढलं. वेणीत घालतात ना पंजाबी बायका, तो परांदा! वेलाच्या बुडातून फुटलेली एक फांदी त्या परांद्याने खिडकीच्या गजाला बांधलेली होती आणि कूलरमागून वर, खिडकीच्या छज्ज्यावर गेलेली होती.

"तोते सब खा जाते हैं, इसलिए जाने से पहले एक टहनी छुपा के गई थी," भाभी स्टुलावर चढता चढता म्हणाल्या. "कूलर का पानी टपकता है, प्यासी नहीं रहेगी. किसी को बताया नहीं. तुझे भी नहीं. बुरा मत मानना, बाईस साल में इतना तो सीखा है."

मी रोज दोन वेळा त्या कूलरमध्ये पाइपने पाणी भरत होते. आणि त्याच्या डोक्यावर, माझ्यापासून हातभर अंतरावर, तो बसला होता. घड! हिरवा, थोडा चेपलेला, छज्ज्यावर लोळत पडलेला, पण घड! मी जे आयुष्यात धड केलं नाही ते म्हणजे छाटणी, आणि तीही अर्धवट केली, ह्याबद्दल मी देवाचे शंभरदा आभार मानले.

भाभींनी तो दोन्ही हातांत धरून खाली आणला. सव्वीस मणी होते, अर्पिताने मोजले. सगळ्या गोल करून उभ्या राहिल्या. हे आतून आले, हरिदासही सायकल टाकून आले. भाभींनी एक मणी तोडला, डोळे मिटले आणि तोंडात टाकला.

भाभींचा चेहरा आधी आवळला. मग एक डोळा उघडला. त्यातून घळकन पाणी आलं.

"कैसा है?" मी विचारलं.

"खट्टा!" भाभी रडत रडत हसल्या. "एकदम खट्टा! पर मेरा है!"

आम्हा सगळ्यांना एकेक मणी मिळाला. चिंचेने हात टेकावेत इतका आंबट! माझे दात चार दिवस शिवशिवत होते, पण त्याच्यासारखं द्राक्ष मी आबांच्या चार एकरांतही खाल्लं नाही. तो मणी चावताना मला एकदम जबलपूरचं आमचं क्वार्टर आठवलं. तिथे मागच्या दारी लिंबाचं झाड होतं. दोन वर्षं मी त्याचं लोणचं घातलं. कुणी लावलं होतं, हे मी कधी विचारलंसुद्धा नाही! नऊ क्वार्टरांत नऊ अनोळखी बायकांनी लावलेलं मी खात आले होते आणि त्यांतल्या एकीचेही आभार मानले नव्हते. त्या दिवशी मी भाभींच्या पाया पडले, त्यात त्या सगळ्यांच्या वाटचंही पाया पडून घेतलं.

मग अंगणातल्या दुधींपैकी चार उतरवले. भाभींनी कोफ्ते केले, मी थालीपिठं लावली, भेंडी माझीच होती. ढोलकी वाजली. आबांना व्हिडिओ कॉल झाला, तेव्हा आठही बायका ओरडल्या, "बाबूजी, नमस्ते! टोपी कहाँ है?" आबा लाजून टोपी आणायला आत गेले. जाताना प्रत्येकीला एकेक दुधी दिला. भाभींना वांगीसुद्धा.

मग जानेवारीत भाभी द्वारकेहून मेट्रोने आल्या आणि मला छाटणी शिकवून गेल्या. पुढच्या दोन्ही जूनमध्ये वेल असा लगडला की आम्ही टोपल्या भरभरून वाटल्या. आबांनी पहिल्याच पावसाळ्यात तासगावहून एक रोप पाठवलं होतं, ते मी अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात लावलं. आयुष्यात मी स्वतः लावलेलं आणि जगलेलं ते पहिलं झाड. त्याला नाव ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. अडीच वर्षं वाट पाहिली. यंदाच्या जूनमध्ये त्याला पहिल्यांदा घड येणार होते.

आणि ह्या फेब्रुवारीत आमची बदली आली.

नव्या भाभी ताबा घ्यायला आल्या. नाव रेवती. पंखे मोजून झाले, नळ मोजून झाले. बाहेर ट्रक उभा, हे हॉर्न वाजवतायत. मी रेवतीचा हात धरून तिला माझ्या वेलाखाली नेलं.

"रेवती, हा मी लावलाय गं. यंदा पहिल्यांदा फळ धरेल. छाटणी जानेवारीत झालीये, आता काही करायचं नाही, फक्त पाणी. मी जूनमध्ये येईन. पहिला घड माझा हं?"

"अहो ताई, हे काय सांगणं झालं!" रेवती ठसक्यात म्हणाली. "द्राक्षांची तुम्ही अजिबात काळजी करू नका. आम्ही निफाडचे!" आणि पिशवीतून तिने वडिलांनी दिलेली छाटणीची नवी कोरी कात्री काढून मला दाखवली.

मी हसले. तिला चहा टाकायला आत पाठवलं.

ट्रक कँटच्या फाटकाबाहेर पडला तेव्हा ह्यांचं माझ्या मांडीकडे लक्ष गेलं.

"ही कात्री कुणाची?"

"कुणाची का असेना," मी म्हटलं. "तुम्ही समोर बघा."